मदत हवी आहे: नवाहो कड्यातली पोवळी लिंबाने पांढुरकी पडली

आम्ही अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात राहतो. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याने गॅलप गावातल्या एका गहाणवटीच्या दुकानातून माझ्यासाठी नवाहो, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या घडणीचं, चांदीचं कडं घेतलं. कुणीतरी गहाण ठेवलेलं, मुदतीत न सोडवलेलं. इकडे त्याला 'डेड पॉन' म्हणतात. कुणाच्या हातातलं होतं कोण जाणे, म्हणून मी ते फार जपते.

रुंद पट्टी, वर तीन लंबगोल पोवळी, प्रत्येकाभोवती करवतीच्या दात्यांसारखी कातरलेली चांदीची पातळ कड, बाजूला ठशांनी ठोकलेल्या चंद्रकोरी. आतून शिक्का नाही.

सांगलीहून सासूबाई आल्यात. पहिल्याच दिवशी कडं बघून म्हणाल्या, "अगं, ही तर पोवळी की! माझ्या मंगळसूत्रात आहेत तसलीच." परवा देवाचं निरांजन घासताना त्यांनी माझं कडंही लिंबू-मिठात घातलं आणि मग रांगोळीने चोळलं. आता पोवळी खडूसारखी दिसतात, नखाला खरखरीत लागतात. मधलं हलतंय. नक्षीच्या खोबणीतला काळाही गेला. आईंना मी अजून काही बोललेले नाही, त्यांनी मायेनेच केलंय.

चकाकी परत येईल का? डिसेंबरात सांगलीला जातोय, तिथल्या सोनाराकडे देऊ का? आणि पोवळी खरी असतील ना?

प्रतिसाद

आधी घरी काहीही करणं थांबवा. पोवळं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, चांदी उजळायचं तयार द्रावण, सगळं वर्ज्य. यापुढे फक्त मऊ कोरडं फडकं. खोबणीतला काळा मळ नसतो, नक्षी उठून दिसावी म्हणून तो मुद्दाम ठेवतात. कारागीर तो पुन्हा आणू शकतो.

झीज वरवरची असेल तर घासून पॉलिश होतं, पण खडा थोडा झिजणारच. सोनार कुठलाही असो, एक गोष्ट बजावून सांगा: जोडायला डाग द्यायची वेळ आली तर आधी पोवळी काढायची. ज्योतीने ती जळतात. ती दातेरी कड उघडताना तुटू शकते, म्हणून हे काम रोज करणाऱ्याकडेच द्यावं असं माझं ठाम मत आहे. गॅलप तुमच्याजवळ आहे, मग सांगली कशाला?

शिक्का नसल्याची काळजी नको, जुन्या नवाहो कामावर बहुधा नसतोच. रंगवलेलं पोवळं ओळखायला कापसाच्या काडीवर थोडं ॲसिटोन घेऊन कडेला अलगद टेकवा. रंग उतरला तर रंगवलेलं. फार चोळू नका, राळ भरलेली असली तर खराब होते.

आणि सासूबाईंची नजर पक्की! नवाहो मुलुखाला समुद्र नाही. तिथल्या दागिन्यांतलं जुनं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, इटलीतल्या नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेकोत घडवलेलं. तिथूनच ते आपल्याकडेही येत आलंय.

धागाकर्ती

मनापासून आभार. काडी पांढरीच राहिली! काल आईंना सगळं सांगितलं. खूप वेळ कडं हातात घेऊन बसल्या होत्या. शनिवारी गॅलपला जातोय, त्या म्हणाल्या, "मी पण येते, बघू तरी कसं बसवतात."