स्पेसमाऊस आणि व्हीआर कंट्रोलर, दोघांना एकच इंटरफेस चालेल का?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. आपल्या इथल्या मांडवीचं, म्हणजे त्या जुन्या कमानींच्या इमारतीचं, थ्रीडी मॉडेल केलंय, कमानींखालून फिरता येतं. आधी साधा माऊस होता, मग स्पेसमाऊस (टोपी ढकलून-पिळून मॉडेल फिरवायचं यंत्र) जोडला, आता व्हीआर कंट्रोलर (हेडसेटसोबत हातात धरायचे) आलेत आणि कोडमध्ये जिथे बघावं तिथे "हे यंत्र असेल तर असं" छापाचे इफ-एल्स. म्हणून सगळ्यांना मिळून एकच क्लास केला, दर फ्रेमला सहा आकडे देतो, तीन जागेचे, तीन वळण्याचे. कंट्रोलर मस्त चालतो पण स्पेसमाऊसवरचा हात काढला की मॉडेल टुणकन मूळ जागी परत. दोन रात्री गेल्या यात, काय चुकतंय?

रेवाकाठ:
अरे दादा, आकडे सहाच पण अर्थ वेगळा. स्पेसमाऊसची टोपी सोडली की आपोआप मधे येते, त्यामुळे तिचे आकडे वेग म्हणून घ्यायचे, जागा म्हणून नाही. कंट्रोलर मात्र खोलीतली खरी जागा सांगतो. दोन वेगळे टाइप ठेव, आणि वेगाला फ्रेमच्या वेळेने गुणायला विसरू नकोस, नाहीतर ६० हर्ट्झच्या मॉनिटरपेक्षा ९० हर्ट्झच्या हेडसेटमध्ये दीडपट पळेल. व्हीआरपीएन बघ, अशी यंत्रं प्रोग्रामला जोडून देणारी लायब्ररी आहे, त्यात ट्रॅकर (जागा सांगणारा), बटन, अ‍ॅनालॉग, डायल असे प्रकारच वेगळे आहेत, आणि अ‍ॅनालॉगफ्लाय नावाचा तुकडा अ‍ॅनालॉगचा ट्रॅकर करून देतो, म्हणजे वेगाच्या आकड्यांची जागा. तुला नेमकं तेच हवंय.

जुनाप्रोग्रामर:
ताईंचं बरोबर. त्याच्या वर अजून एक थर कर, प्रोग्रामने "ट्रिगर दाबला का" विचारूच नये, "पकड" म्हणजे पकड, ते कुठल्या बटनावर आहे ते बाहेर ठरू दे. २०१९ च्या ओपनएक्सआर १.० या व्हीआर यंत्रांसाठीच्या सामायिक स्टँडर्डमध्ये हेच आहे. कल्पना जुनी आहे, १९८५ च्या जीकेएस या ग्राफिक्सच्या स्टँडर्डमध्येसुद्धा लोकेटर (जागा दाखवणारा), पिक (वस्तू निवडणारा), व्हॅल्युएटर (एक आकडा देणारा) असे कामावरून प्रकार केले होते, यंत्रावरून नाही. मला तर आजही तीच विभागणी सगळ्यात स्वच्छ वाटते.

दांडियाबाजारकर:
चाललं!! मनापासून आभार दोघांचे. आता एकच, कंट्रोलरच्या किरणाने कमानीवरची नक्षी निवडायला गेलं की किरण थरथरतो, हात अगदी स्थिर धरला तरी.

रेवाकाठ:
होणारच, हात १ अंश हलला तर २ मीटरवर टोक साडेतीन सेंटीमीटर सरकतं, तुझी नक्षी तेवढी तरी आहे का? वन युरो फिल्टर लाव, तो आकड्यांतली थरथर गाळतो, हात हळू असताना जास्त गुळगुळीत करतो, जोरात फिरवला की सैल सोडतो म्हणून मागे पडल्यासारखं वाटत नाही. फक्त तो ड्रायव्हरमध्ये घालू नकोस, डिव्हाइस आणि "निवड" यांच्या मधे ठेव, कारण फिरण्यासाठी तुला कच्चेच आकडे लागतील.