उंदराचं भांडवल : धंद्याच्या बोधकथा कुणाला कामी आल्या का? (नाशिककरांसाठी अनुभव धागा)

सकाळी सकाळी उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली बोधकथा पडते. आफ्रिकेत बूट विकायला गेलेले दोघे, साबण न भरलेली रिकामी खोकी उडून वेगळी व्हावीत म्हणून पंखा लावणारा कामगार, तापत्या पाण्यातला बेडूक. खाली हात जोडलेल्यांची रांग. नव्याने धंद्यात उतरणाऱ्याला यातून काही हाती लागतं का, एवढंच विचारायचंय. 'छान विषय' लिहून पळू नका. कुठली गोष्ट, कुठला धंदा आणि पुढे काय झालं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. मी लोकांची जीएसटीची रिटर्नं भरतो, म्हणून मला आवडते ती कथासरित्सागरातली गोष्ट. अकराव्या शतकातली. एक शेठ कुणाच्या तरी पोराला झापत असतो : हा मेलेला उंदीर बघ, हुशार माणूस एवढ्या भांडवलावरही पैसा उभा करेल. शेजारी उभा असलेला गरीब मुलगा तो उंदीर खरंच उचलतो. मांजर पाळणाऱ्या वाण्याला दोन ओंजळी हरभऱ्यांना देतो. हरभरे आणि गार पाणी घेऊन गावाबाहेर सावलीत उभा राहतो. थकून येणारे मोळीवाले खुशीने दोन-दोन लाकडं देतात. पुढे तो लाकूड साठवतो, पावसात टंचाई होते, त्याचे पैसे होतात. फॉरवर्डमध्ये इथवर सगळं असतं. पण मूळ गोष्टीत तो उंदीर उचलताना शेठला रीतसर पावती लिहून देतो, की हे मी भांडवल म्हणून घेतलं. ती पावती मात्र गळते! माझ्याकडे येणारी निम्मी भागीदारीची भांडणं या न लिहिलेल्या पावतीवरूनच असतात.

निफाडहून

लाकूड साठवून पावसात विकलं, वा! आमचा उन्हाळ कांदा तेच करतो की. मार्च-एप्रिलला काढायचा, चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या भावाची वाट बघायची. तुमच्या त्या पोराच्या लाकडाला मोड येत नव्हते, वजन घटत नव्हतं. आमच्या चाळीत खालच्या थराला वास सुटला की घरात कुणी बोलत नाही. आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये, नेमका भाव हलायला लागला, तेव्हा निर्यातीवर 40 टक्के शुल्क आलं. लासलगावसकट जिल्ह्यात लिलाव बंद पडले. डिसेंबरात तर निर्यातबंदीच, ती मे 2024 मध्ये उठली. गोष्टीत राजा मोळीवर जकात लावत नाही, म्हणून तर ती दोन पानांत संपते. वडील म्हणतात, सगळा माल कधीच चाळीत ठेवू नये, थोडा काढतानाच विकावा. ही काही बोधकथा नाही, पण आमचं घर याच्यावर चाललंय.

अंबड एमआयडीसी, जॉबवर्क

पंख्याच्या गोष्टीबद्दल चांगलं बोलायला मी तयार आहे. ती खरी घडली का, कुठे घडली, देव जाणे. आमच्याकडे एक ब्रॅकेट होता, चार भोकांचा. मधूनमधून एखादा पीस तीन भोकांचाच जायचा आणि अख्खा लॉट परत. तपासणीला आणखी एक माणूस ठेवायचा विचार चालू होता. तेवढ्यात ड्रिलवरच्या पोराने ही पंख्याची गोष्ट कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकली. त्याने पुढच्या कामाच्या फिक्स्चरमध्ये (पीस धरून ठेवणाऱ्या साच्यात) चौथ्या भोकाच्या जागी एक पिन ठोकली. भोक नसेल तर पीस बसतच नाही. खर्च म्हणाल तर भंगारातल्या रॉडचा तुकडा. चूक होऊच नये अशा या सोयीला मोठ्या कंपन्यांत पोका-योके म्हणतात. पण गोष्ट मी ऐकली असती तर नुसता हसलो असतो. मशिनवर हात असलेल्याने ऐकली, म्हणून उपयोग झाला.

पंचवटी, पापड-कुरडया

मला एकच गोष्ट चौघांनी पाठवलीय. तो कोळी, जो थोडेच मासे धरतो, दुपारी झोपतो, आणि धंदा वाढव म्हणणाऱ्या शहाण्याला म्हणतो, कशाला? गोड आहे. पण ती मला तेव्हाच आली, जेव्हा मी पीठ मळायचं मशीन घ्यायचं म्हटलं. पाठवणाऱ्यांत नणंदेचा नवराही होता, त्याचं स्वतःचं तिसरं दुकान निघालंय! समाधानाच्या गोष्टी बायांनाच का येतात हो? मशीन घेतलं. अडचण वेगळीच आहे. दुकानदार म्हणतो, ताई, माल विकला की पैसे. विकला तरी पैसे पुढच्या महिन्यात, आणि तुटलेले पापड परत. वाळवणाचा काळ एप्रिल-मे, उडीद-तांदूळ रोखीने आणायचा, पैसे दिवाळीत. यावर कुणाकडे गोष्ट असेल तर सांगा.

(ताई, मशीनचं वाचून बरं वाटलं. – धागाकर्ता)

निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र

बेडूक हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बसून राहत नाही, सोसवेनासं झालं की उडी मारतो. कृपया फॉरवर्ड करू नये.

कॉलेज रोड

बुटांच्या गोष्टीवर आमचा अख्खा प्रोजेक्ट उभा होता. इथे कुणी ड्रोनने फवारत नाही, म्हणजे केवढी बाजारपेठ! दिंडोरीकडे द्राक्षबागेत गेलो. बागायतदाराने चहा पाजला आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर (हवेच्या झोताने औषध फवारणारं यंत्र) दाखवला. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनीचा (बुरशीच्या रोगाचा) धोका असला की रात्री-अपरात्री फवारावं लागतं. "तुझं औषध वरून पडणार. पानाच्या खालच्या अंगाला आणि घडात कोण घालणार?" गोष्टीतला पहिला विक्रेता म्हणतो इथे कुणी बूट घालत नाही, दुसरा म्हणतो सगळेच गिऱ्हाईक. अनवाणी माणसाला मात्र दोघांपैकी कुणीच काही विचारत नाही. आम्ही आता सोयाबीनवाल्यांशी बोलतोय.

रविवार कारंजा, भांड्यांचं दुकान

आमच्याकडे बोधकथा नव्हत्या, नावानिशी किस्से होते. अमक्याने मेहुण्याला जामीन राहून दुकान घालवलं, तमक्याने लग्नसराईचा माल दिवाळीत भरला. नावं इथे लिहीत नाही, नातवंडं अजून गल्लीत आहेत. ते किस्से पोरं विसरत नाहीत, कारण बंद शटर रोज दिसतं.

अंबड, पुन्हा मीच

पापडवाल्या ताईंसाठी. गोष्ट नाही, कायदा आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन करा, आधारवर होते, फुकट आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून या. तो नंबर बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर 15 दिवसांत. 2006 चा कायदा आहे. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज लागतं. आणि गेल्या काही वर्षांत आयकरातही आलंय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर हे काढू नका, तो माल घ्यायचंच बंद करेल. मोठं सुपरमार्केट असेल तिथे चालतं. आणि 'विकल्यावर पैसे' या बोलीवर माल ठेवलात तर मुदत कधीपासून धरायची, यावरच वाद होतो. म्हणून माल पोचल्याची तारीख टाकून डिलिव्हरी चलनावर सही घेत चला.