आरजे / निवेदक व्हायचंय, वय ३७, मुंबईत सुरुवात कुठून करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लिहू की नको करत होते, शेवटी आज लिहितेय. राहायला डोंबिवली, नोकरी अंधेरीला अकाउंट्समध्ये. मला रेडिओवर बोलायचंय, आणि नुसती हौस म्हणून नाही.

बाबा गिरणीत होते. रात्रपाळी करून आले की अंघोळीच्या आधी रेडिओ लागायचा आणि गाण्याआधी निवेदक गीतकार, संगीतकार सांगायला लागला की बाबा हात वर करायचे, म्हणजे घरात कोणी बोलायचं नाही. त्यामुळे असेल, मला गाण्याइतकंच ते आधीचं अर्धं मिनिट आवडायला लागलं. पुढे नोकरी लागल्यावर लोकलमध्ये मोबाईलवर एफएम चालू असायचं, फास्ट गाड्या तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायच्या आणि आत शिरलं की रेडिओ गायब, मग तेवढा वेळ आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपसाठी मी निवेदन करायचे आणि बाकीच्या ते गाणं म्हणायच्या. आता लोकल बोगद्यातून जात नाहीत पण हे वेड काही जात नाही.

मागच्या महिन्यात एका आरजे कोर्सच्या डेमो क्लासला गेले. लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं आरजेचं बोलणं, चाळीस सेकंदांची हवी होती, मी दोन मिनिटं बोलले, त्या गाण्यातल्या व्हायोलिनबद्दलच. सरांनी मध्येच थांबवलं, म्हणाले मॅडम, एवढं कोण ऐकणार? वर हेही कळलं की प्रायव्हेट एफएमवर गाणी आरजे निवडतच नाही, म्युझिक मॅनेजर आणि सॉफ्टवेअर ठरवतात. हे ऐकून मी खरंच दोन दिवस गप्प होते. फी ४५ हजार, नोकरी पक्की असं तोंडी सांगतात, लिहून द्या म्हटलं तर विषय बदलतात.

सराव चालू आहे. रात्री कपाटाचं दार उघडून साड्यांकडे तोंड करून मोबाईलवर रेकॉर्ड करते, नाहीतर खोलीत आवाज घुमतो. 'प' आणि 'फ' आले की हवेचा फट्ट आवाज येतो. आणि हिंदी बोलताना 'चाँद'मधला च आपल्या 'चांदण्या'सारखा निघतो, तो काही केल्या जात नाही.

तर एवढे पैसे घालू का? की आकाशवाणीत प्रयत्न करू? या वयात घेतात का? कोणी आतलं माहीतगार असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, पैसे भरू नका. मी आकाशवाणीत कॅज्युअल निवेदक म्हणून काम केलंय. जाहिरात आली की अर्ज, मग लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, निवड झाली की 'वाणी' नावाचं आकाशवाणीचं ट्रेनिंग. वयाची अट जाहिरातीतच असते, ती बघा. पण नोकरी सोडू नका, महिन्याला साधारण सहाच ड्युट्या मिळतात आणि पैसे ड्युटीचे, पगार नाही. तुम्ही मराठीसाठी आकाशवाणीच्याच अस्मिता वाहिनीचा विचार करा, तिथे तुमचा च अजिबात आड येणार नाही. हिंदीसाठी मात्र रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन हवंच. 'प'साठी माईक तोंडासमोर धरू नका, जरा गालाच्या बाजूला घ्या. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं कम्युनिटी रेडिओ आहे, १०७.८ वर, तिथे विचारून बघा, खऱ्या माईकसमोर बसायची सवय होईल. आणि व्हायोलिनबद्दल ऐकणारे आहेत हो. 'बिनाका गीतमाला'वाल्या अमीन सायानींनी १९५२ पासून गाण्यांबद्दल बोलूनच लोकांना रेडिओसमोर बसवलं. फक्त एका लिंकमध्ये एकच गोष्ट सांगा.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. एकच गोष्ट, हे कोणी सांगितलंच नव्हतं. काल रात्री त्याच गाण्याची लिंक परत केली, संगीतकार आणि साल काढून टाकलं, व्हायोलिन तेवढं ठेवलं, ४३ सेकंद झाली. आईला ऐकवली तर तिने हातातली भाजी खाली ठेवली. लेखी परीक्षेत काय विचारतात तेवढं सांगाल का? जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात का?