मदत हवी आहे: मराठा पलटणीतल्या एका शिपायाचं पदक माझ्याकडे आलंय, पुढे काय करू?

नमस्कार मंडळी,

पदकं जमवणारे, लष्करी इतिहासाचे अभ्यासक आणि फौजी घरातली माणसं इथे आहेत, म्हणून लिहितोय. आधी घरची हकीकत सांगतो, नाहीतर प्रश्न नीट कळणार नाहीत.

माझे पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले आणि तिथल्या कुत या गावाच्या वेढ्यात सापडले. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा घातला, २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. धान्य संपलं तेव्हा छावणीतले घोडे कापले गेले. पणजोबांनी बरेच दिवस त्या मांसाला हात लावला नाही, असं आजी सांगायची. कैदेतून ते जिवंत परत आले. पण उरलेल्या आयुष्यात ताटात भाकरीचा तुकडा टाकलेला त्यांना खपत नसे.

त्यांची पदकं आजीच्या ट्रंकेत धोतराच्या पानात बांधलेली होती. एक १९१४-१५ चा स्टार, चार टोकांचा, मध्ये फुलीसारख्या दोन तलवारी. दुसरं व्हिक्टरी मेडल, पंखवाल्या देवीचं, इंद्रधनुषी फितीचं. स्टार मिळालेल्याला ही दोन आणि चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल अशी तीन मिळत. तिसरं आमच्याकडे नाही. १९७२ च्या दुष्काळात आजीने ते पेठेतल्या सोनाराकडे मोडलं. अडीच तोळ्यांच्या वर चांदी होती, तिची ज्वारी आली. माझे वडील तेव्हा शाळेत होते. ती ज्वारी त्यांनी खाल्ली आहे, त्यामुळे त्या पदकाबद्दल घरात कुणी कधी हळहळलं नाही. मीही हळहळत नाही.

उरलेली दोन आजी दर दिवाळीला तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासायची. प्रेमानेच. पण व्हिक्टरी मेडलच्या कडेवरची अक्षरं त्यात निम्मी गेली. सातवीत असताना मी त्या कडेवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली आणि एकेक अक्षर वर आलं: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नावाचं स्पेलिंग असं की मोठ्याने वाचल्यावरच ते आमच्या पणजोबांचं आहे हे कळलं. माझा छंद तिथून सुरू झाला.

आज माझ्याकडे चाळीसेक पदकं आहेत. बहुतेक दुसऱ्या महायुद्धातली, मराठा पलटणींची: आफ्रिका स्टार, इटली स्टार, इंडिया सर्व्हिस मेडल. नवीन छंदवाल्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, त्या युद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळाली, हिंदी सैनिकांना मात्र नाव घालून. त्यामुळे आपल्याकडचा मळकट, काळा पडलेला स्टार उलटा केला की मागे एक माणूस भेटतो. मला यात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती याची. फिती, धातू, किंमत हे सगळं नंतर.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका गोधडीवर कुलपं, किल्ल्या आणि बंद घड्याळांच्या ढिगात चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल दिसलं. फीत नाही. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न पुरुष आणि १९१४, १९१८ ही सालं. कडेवर नंबर, 'सिपॉय', एक मराठी नाव आणि '११७-मराठाज'. ही ११७ वी पलटणही कुतच्या वेढ्यात होती! उन्हात उभा राहून मी ते नाव तीनदा वाचलं. विक्रेता म्हणाला, दिल्लीचा एक माणूस बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी बघतोय, घ्यायचं तर आत्ता घ्या. साडेसहा हजार देऊन घेतलं.

प्रश्न असे:

१. नाव मूळचं आहे की जुनं घासून नवं घातलंय, हे घरी कसं ओळखावं?

२. पणजोबांच्या फ्रेममध्ये मधली जागा रिकामी आहे. मुलगा म्हणतो, युद्ध तेच, वेढा तोच, पदक तेच, तिथे लावा. एकदा लावून पाहिलं. दिसलं छान. रात्री उठून काढून ठेवलं. तुम्ही काय केलं असतं?

३. या शिपायाचं घर शोधता येईल का? सुरुवात कुठून करू?

---

प्रतिसाद:

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरावर दुसरा अवलंबून आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आधी शोधा. तो शिपाई युद्धात किंवा कैदेत गेला असेल तर तिथे सापडण्याची शक्यता चांगली आहे. मेसोपोटेमियात ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा ४०,००० हून अधिक जणांची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. नावावरून शोधू नका, स्पेलिंगचं काही खरं नसतं. पलटण आणि नंबर टाका. जिवंत परतला असेल तर काम अवघड. मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. लिहिताना लक्षात ठेवा, १९२२ च्या फेररचनेत पलटणींचे आकडे बदलले: ११० वी झाली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, ११७ वी झाली तिचीच पाचवी बटालियन. जुना आणि नवा दोन्ही आकडे द्या.

नावाबद्दल: व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजा. ३६ मिलिमीटर हवा. कड घासली असेल तर तो कमी भरतो, किंवा उभा एक आणि आडवा एक असा येतो. तुमच्याकडे पणजोबांचं व्हिक्टरी मेडल आहे, ते त्याच काळात हिंदी फौजेला दिलेलं. दोन्ही कडा शेजारी धरून टॉर्चचा उजेड तिरपा टाका आणि अक्षरांचं वळण ताडून पाहा. आणि कृपा करून आता कशानेही घासू नका. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात असेल तर आज काढा, कालांतराने धातूवर हिरवा चिकट थर धरतो. साधा आम्लरहित कागद पुरे.

परदेशी गिऱ्हाइकाचं ऐकून वाईट वाटलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं त्या वयाला पोचली आहेत, हे विकणाऱ्यांच्या गावीही नसतं.

---

प्रतिसाद:

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालोय. दादा, तुम्ही रात्री उठून पदक काढलंत ते बरोबर केलंत. त्याच्या कडेवर दुसऱ्या माणसाचा नंबर आहे. पणजोबांच्या फ्रेममध्ये नुसती फीत लावा. मध्ये नारिंगी, दोन्हीकडे पांढरा, काळा, निळा पट्टा. फीत नवीन मिळते. खाली पदक नसू दे. कुणी विचारलं तर १९७२ चा दुष्काळ सांगा.

गाव कळलं की आधी गावात चौकशी करा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बऱ्याच गावांना संगमरवरी पाट्या दिल्या होत्या, या गावातून इतके लोक लढाईला गेले आणि इतके मेले, अशा. चावडीत, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाच्या आवारात सापडतात. पाटीवर नुसते आकडे असले तरी ती कुठे आहे ते ज्याला माहीत असतं, त्याला फौजी घरंही माहीत असतात. आपल्या साताऱ्यातल्या अपशिंग्याला जाऊन बघा, ४६ जणांची आठवण गाव अजून जपतंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा, तिथे माजी सैनिकांचा राबता असतो.

आणखी एक. सैनिक मेला तर घरच्यांना पदकांखेरीज काशाची एक मोठी गोल तबकडी मिळायची, सिंह आणि ब्रिटानिया असलेली, त्याचं नाव उठवलेली. लोकांना ती झाकण वाटते. गेलात तर तिच्याबद्दल जरूर विचारा.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. व्यास सगळीकडून ३६ भरला. अक्षरांचं वळण पणजोबांच्या पदकाशी तंतोतंत जुळतंय.

काल रात्री वॉर ग्रेव्हजच्या यादीत पलटण आणि नंबर टाकला. सापडला. १९१६ साल, बसरा स्मारक. वडिलांचं नाव आहे, गाव आहे, जिल्हा रत्नागिरी. नोंद वाचून झाल्यावर मी मुलाला उठवलं आणि त्याला ती वाचून दाखवली. आज सकाळी त्यानेच पदक कागदात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवलं.

आमच्याकडे दोन काशाची राहिली आणि चांदीचं मोडीत गेलं. त्यांच्या घरी कदाचित उलटं झालं असेल, चांदीचं तेवढं बाजारात आलं आणि बाकीची अजून कुठल्या तरी फडताळात असतील. तबकडीचं तर डोक्यातून जातच नाही.

गावाचं नाव मुद्दाम इथे देत नाही, आधी घरच्यांना कळू दे. गाव खेड तालुक्यात येतं. तिकडे राहणारं किंवा तिकडच्या शाळेत, ग्रामपंचायतीत ओळख असणारं कुणी इथे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. गणपतीत माणसं मुंबईहून गावी येतील, तेव्हाच जायचं म्हणतोय. पदक बरोबर नेणार आहे. साडेसहा हजारांचा विषय मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका.