तारीख उलटलेली सोल्डर पेस्ट फेकायचीच का?

भोसरी_जॉबवर्क: काल इथे एकाने लिहिलं, "एक्स्पायर झालेली पेस्ट वापरणारा ग्राहकाला फसवतो. तारीख उलटली की जार स्क्रॅपमध्ये." वाचून डोकं फिरलं. सोल्डर पेस्ट म्हणजे बोर्डवर पार्ट जोडायला छापून वितळवतो ती धातूची पावडर आणि फ्लक्स (ऑक्साइड साफ करणारं रसायन) यांचं मिश्रण. जारवरची सहा महिन्यांची मुदत ही २ ते १० अंशांत बंद ठेवलेल्या पेस्टची असते. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत भाजून आलेला, पण तारखेच्या आतला जार तुम्ही डोळे मिटून लाइनवर लावता, आणि फ्रिजमधून न हललेला जार मुदत संपली म्हणून फेकता! जारमध्ये फ्लक्स आणि धातूच्या पावडरीची क्रिया हळूहळू चालूच असते, उष्णतेने ती वाढते. त्यात फ्लक्सचा जोर संपतो, पेस्ट घट्ट होते. हे तपासता येतं. सिरॅमिकच्या तुकड्यावर ठिपका छापा आणि वितळवा. सगळं एका गोळ्यात आलं तर वापरा. भोवती बारीक गोळ्यांचं कडं दिसलं तर फेका.

लाइन_क्वालिटी: एक ठिपका बघून तुम्ही बीजीए (पोटाखाली सोल्डरचे बॉल असलेली चिप) लावणार? सिरॅमिकवरचा ठिपका मोठा असतो, त्यात फ्लक्स भरपूर. ०२०१ च्या (अगदी बारीक पार्टच्या) पॅडवर चिमूटभर पेस्ट, टाइप ४ पावडरीचे २० ते ३८ मायक्रॉनचे कण, आणि वरून नायट्रोजन नसलेला ओव्हन. तिथे दमलेला फ्लक्स आधीच जळून जातो, कण एकजीव न होता द्राक्षाच्या घडासारखे दिसतात. मी होतो त्या कंपनीत बीजीएचे बॉल पेस्टवर नुसते टेकलेले निघाले. बोर्ड टेस्टिंगला पास झाले होते, गाडीत बसल्यावर थरथरीने उघडे पडले. त्या रिकॉलपुढे जारची किंमत काय?

मोबाइल_रिपेअर_नाशिक: घट्ट झाली तर थोडा फ्लक्स घालून ढवळतो. वर्षानुवर्षं चाललंय.

लाइन_क्वालिटी: पेस्टमध्ये वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास धातू असतो. अंदाजाने फ्लक्स ओतलात की ते प्रमाण मोडलं, पेस्ट पसरणार, शॉर्ट होणार. रिपेअरच्या टेबलावर काय करायचं ते करा, प्रॉडक्शनला हा सल्ला देऊ नका.

रत्नागिरी_ईएमएस: तारखेवरून भांडताय, पण पावसाळ्याचं कोणीच बोलत नाही. फ्रिजमधून काढलेला जार लगेच उघडला की आत दव धरतं, मग ओव्हनमध्ये तडतड. झाकण न काढता चार तास बाहेर ठेवायचा, हे ऑपरेटरला किती वेळा सांगायचं? घाईत हीटरजवळ नेऊन ठेवतात.

खरेदी_विभाग_पुणे: आणि डेट कोडचं (पार्टवरच्या बनल्याच्या तारखेचं) काय? दोन वर्षांपूर्वीची आयसी आली की क्वालिटीवाले रील परत पाठवतात. त्याच पार्टसाठी टंचाईत आम्ही दारोदार फिरलो होतो. बंद बॅग, आत सिलिका जेल, ह्युमिडिटी कार्डचे ठिपके कोरडे, तरी रिजेक्ट!

लाइन_क्वालिटी: पायांवरच्या टिनला ऑक्साइड चढतं, माहीत आहे ना?

खरेदी_विभाग_पुणे: मग सोल्डरेबिलिटी टेस्ट करा, पाय सोल्डर धरतात का ते बघा, जे-एसटीडी-००२ हे मानक त्यासाठीच आहे. ती करायची नाही आणि खापर आमच्यावर! उलट तुमच्याच लाइनवर एमएसएल ३ ची (ओलावा शोषणाऱ्या पार्टच्या तिसऱ्या पातळीची) उघडी रील आठवडाभर रॅकवर पडते. ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत तिला १६८ तासच मिळतात. बेक करून न सुकवता सोल्डरिंगच्या ओव्हनमध्ये टाकली की आतल्या ओलाव्याची वाफ पॅकेज फोडते. त्याची नोंद कोणी ठेवतं का?

रत्नागिरी_ईएमएस: इथे जुलैत ६० टक्के म्हणजे स्वप्नच. ड्राय कॅबिनेटशिवाय ते १६८ तास धरूच नका.

लाइन_क्वालिटी: उघड्या रीलची नोंद नसते, हे खरं. त्यावर मी भांडणार नाही. पण भोसरीवाले, पेस्टचं उत्तर अजून दिलं नाहीत. तुमच्या फ्रिजचं तापमान रात्री वीज गेल्यावर किती चढतं, लॉगर आहे?

भोसरी_जॉबवर्क: आहे, इन्व्हर्टरही आहे. बीजीए आणि गाडीचे बोर्ड ताज्या पेस्टवरच, ते तुमचं मान्य. एलईडी ड्रायव्हरचे १२०६ चे (मोठ्या पार्टचे) बोर्ड मात्र मी मुदत उलटलेल्या जारवर करणार. जारनुसार चाचणी करून आणि ग्राहकाला लेखी कळवून.

लाइन_क्वालिटी: लेखी कळवत असाल तर माझी हरकत त्या बोर्डांपुरती मागे. फक्त टेस्टचा ठिपका तुमच्या सगळ्यात बारीक पॅडएवढा छापा, मोठा नको.