मदत हवी आहे: नेव्हिगेशनने बसवलेल्या कपचा कोन किती खरा धरायचा?

आईचा खुब्याचा सांधा बदलायचाय, कॉम्प्युटर नेव्हिगेशन (ऑपरेशन करताना हाडांची जागा आणि कोन पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) वापरून. कप (खुब्याच्या खोबणीत बसवायची कृत्रिम वाटी) ४० अंश कलता, १५ अंश पुढे वळलेला, दोन्हीत १० अंश इकडेतिकडे चालतं. हे लुइनेक या सर्जनचं १९७८ चं सुरक्षित कोनाचं माप, इथवर कळलं. पण सीटी स्कॅनशिवायच्या पद्धतीत कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं आणि ओटीपोटाखालचं मधलं हाड त्वचेवरून चाचपून नोंदवतात. तिथे चरबीचा थर जाड असेल तर ज्यावरून कोन मोजतात ती मूळ पातळीच चुकते, मग पडद्यावरचा आकडा कितीही नेमका दिसो, पुढे वळण्याचा कोन फसणारच ना? आईचं वजन जास्त, शिवाय मणक्याचं फ्युजन (मणके एकमेकांना पक्के जोडणं) झालेलं, त्यामुळे बसताना पेल्व्हिस (कमरेच्या हाडांचा सांगाडा) फारसा मागे कलत नाही. अशा पेशंटसाठी सीटीवर आधारलेलं नेव्हिगेशन मागावं का? ऑपरेशननंतर सीटी काढून कुणी कोन पडताळलाय? (डॉक्टर बदला म्हणू नका, सर्जन उत्तम आहेत.)