फोंतव्रोच्या मठातली सत्ता: बायकांची की राजघराण्याची?

अक्षरवेडी
मध्ययुगात चर्चच्या राज्यात बाईच्या हाती खरी सत्ता कधी नव्हतीच, असं परवा एका गप्पांत कुणी ठामपणे म्हणालं. मला ते पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

फ्रान्सच्या आंजू भागातलं फोंतव्रो घ्या. रॉबेर द'आर्ब्रिसेल या गावोगाव फिरणाऱ्या धर्मोपदेशकाने ११०१ च्या सुमारास रानात हा मठ वसवला. जोगिणी, साधू, महारोगी, देहविक्रय सोडून आलेल्या बायका, सगळ्यांची सोय एकाच मठात पण वेगवेगळ्या घरांत. आणि सगळ्यांवर हुकूम एका बाईचा. १११५ मध्ये रॉबेरने पेत्रोनिल द शमिये हिला प्रमुख नेमलं. ती विधवा होती, आणि निवड मुद्दाम तशी केली होती. लहानपणापासून मठात वाढलेल्या मुलीला प्रार्थना येतात, पण जमिनी, कुळं, कज्जे संसार पाहिलेल्या बाईलाच उमगतात, असा त्याचा विचार. पुढे १७९२ पर्यंत ३६ मठप्रमुख झाल्या, सगळ्या बायकाच. साधूंनीही त्यांचीच आज्ञा पाळायची. ही सत्ता नाही तर काय?

कोरडवाहू
आज्ञा पाळायचे, मान्य. पण मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) कोण म्हणायचं? पापनिवेदन कोण ऐकायचं? त्यासाठी पुरुषच लागत. म्हणजे बाईच्या हाती हिशेबाच्या वह्या आणि किल्ल्या, वेदी नाही.

शिवाय त्या ३६ जणींची घराणी बघा. १४९१ ते १६७० सलग पाच मठप्रमुख बूर्बों या राजवंशीय घराण्यातल्या. सहावी कोण? फ्रान्सचा राजा लुई चौदावा याच्या मर्जीतल्या मादाम द मोंतेस्पां यांची बहीण. १७३८ मध्ये पंधराव्या लुईने आपल्या चार लहान मुली इथेच धाडल्या. याला बायकांची सत्ता म्हणणं मला जड जातं. ही राजवाड्याची सत्ता आहे, फक्त डोक्यावर पदर घेतलेली.

जुनीपाने
दोघांनाही एक प्रसंग सांगावासा वाटतो. रॉबेर १११६ मध्ये वारला. आपल्याला फोंतव्रोच्या साध्या दफनभूमीत, गरीब आणि महारोग्यांच्या शेजारी, चिखलात पुरावं ही त्याची इच्छा होती. पेत्रोनिलने त्याला मोठ्या चर्चमध्ये, वेदीजवळ पुरलं. संस्थापकाचा शेवटचा शब्द मोडू शकणारी बाई नावापुरती प्रमुख नव्हे, इथे मी अक्षरवेडींच्या बाजूने आहे. पण त्या निर्णयात महारोगी हरले, हे मला कायम टोचतं. पुढे त्याच चर्चमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री पुरला गेला (११८९), त्याचा मुलगा रिचर्ड (११९९), मग हेन्रीची राणी एल्येनोर (१२०४). वाट कुठे वळली ते तिथेच दिसतं.

अक्षरवेडी
हा प्रसंग नेमका आहे, आणि महारोग्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मी खोडणार नाही.

पण कोरडवाहू, सतराव्या शतकात साधूंनीच मठप्रमुख जान-बातिस्त द बूर्बों यांच्या अधिकाराला आव्हान दिलं. वाद राजाच्या मंडळापर्यंत गेला आणि १६४१ मध्ये निकाल बाईंच्या बाजूने लागला. नुसत्या किल्ल्याच असत्या, तर साधू इतके भांडले असते का?

कोरडवाहू
निकाल देणारा राजा तेरावा लुई. त्या बाई फ्रान्सचा आधीचा राजा चौथा हेन्री याची मुलगी, म्हणजे लुईची सावत्र बहीण. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

अक्षरवेडी
बूर्बोंच्या बाबतीत मांडला, हो. पेत्रोनिलचं काय? ती सरदार घराण्यातली असेल, पण तिचा भाऊ सिंहासनावर नव्हता. ११४९ पर्यंत कारभार तिच्या हाती होता, आणि त्या काळात फोंतव्रोला पोटमठ जोडले जात राहिले. त्या सगळ्यांचा शेवटचा शब्द तिचा. उत्तर द्यायचं तर त्या पहिल्या पिढीबद्दल द्या.